भुतेकर ताई आणि रिकामी जागा

भुतेकर ताईंना जेवायला बोलावणं म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं होतं. ताट समोर आलं की त्या आधी भाजीकडे बघायच्या, मग वाढणाऱ्याकडे, आणि विचारायच्या, "कुठली?"

पहिल्यांदा हा प्रश्न मला विचारला तेव्हा मी नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. ऑफिसात डबे उघडले होते. माझ्या डब्यात मेथी होती.

"मेथी आहे, मॅडम."

"मॅडम शाळेत असत्यात. मला ताई म्हन. आन् मेथी हाय ते दिसून राह्यलं मला. कुठली?"

"बाजारातली."

"बाजारात मेथी उगवती काय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण ताई हसल्या नाहीत. माझ्या आईला तिथल्या तिथे फोन लावायला लावला. आई म्हणाली, मस्तगडच्या चढाला एक बाई टोपली घेऊन बसते, तिच्याकडची. ताईंनी समाधानानं मान हलवली. "रुख्माबाईची हाय. नदीकाठची. खा आता." जणू त्यांनी परवानगी दिली नसती तर मी उपाशीच राहिलो असतो.

त्या मूळच्या टेंभुर्णीच्या. सारी नोकरी जमीन मोजण्यात गेली. बांधावर दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे आणि मधून ही बाई साखळी ओढत चाललेली, असे प्रसंग त्या भाजीत मीठ कमी पडल्याच्या सुरात सांगत. निवृत्त झाल्यावर घरी बसणं जमलं नाही. आमच्या कंपनीला शहराचा नवा विकास आराखडा करायचं काम मिळालं होतं आणि जालन्याच्या गल्ल्या माहीत असलेलं माणूस हवं होतं. कंपनी पुण्याची, साहेब पुण्याचे, संगणक नवे कोरे. स्थानिक म्हणावे असे आम्ही दोघंच. मी नगररचना शिकून परत आलेला जालन्याचा मुलगा आणि मोजणीच्या भुतेकर ताई, कंत्राटावर.

ताईंची चाल मोजलेली होती. अडीच फुटांचं एक पाऊल, ना इंच जास्त ना कमी. चालताना ओठ हलायचे. नवख्याला वाटावं, बाई नामस्मरण करत चालली आहे. विचारलं तर म्हणायच्या, "एकशे बारा." एका सहकाऱ्याच्या लग्नात त्यांनी मांडव चालून मोजला आणि मांडववाल्याला गाठून सांगितलं की सांगितल्यापेक्षा सहा फूट कमी टाकलाय. वधूपक्षाची मंडळी खूश आणि मांडववाला वरातीपर्यंत तोंड लपवत फिरत होता.

सत्तरीकडे झुकलेली ही बाई जुन्या जालन्याच्या बोळांतून छत्री टेकत सकाळी शिरायची आणि दुपारी हातात कागदांचा गठ्ठा घेऊन उगवायची. कुठल्या घरात दुकान आहे, कुठल्या दुकानात आता माणसं राहतात, कुठला आड बुजवून वर खोली बांधली आहे, सगळं टिपलेलं. साहेबांना हे आवडत नसे. ते म्हणत, उपग्रहाच्या छायाचित्रावरून तासाभरात होणाऱ्या कामाला मॅडम चार दिवस लावतात. ताईंचं एकच उत्तर ठरलेलं असे, "पाय लावल्याशिवाय रंग लावायचा न्हाई."

रंग म्हणजे नकाशातला रंग. कोणत्या जमिनीवर आज काय आहे ते दाखवणारा एक नकाशा आराखड्याआधी करावा लागतो. घरं पिवळी, दुकानं निळी, शेती हिरवी, आणि ज्यावर काहीच नाही ती जागा पांढरी. ही पांढरी जागा फार महत्त्वाची. शहराला उद्या शाळा हवी, दवाखाना हवा, वाहनतळ हवा, की आराखडा करणारा माणूस आधी पांढरी जागा शोधतो. आणि ह्या नकाशातली नदीकाठची बाजू मी रंगवली. पाय न लावता.

त्याचं असं झालं. मुदत संपत आली होती. ताई मस्तगडच्या बाजूला अडकल्या होत्या. साहेबांनी मला सांगितलं, कडेचा भाग छायाचित्रावरून उरकून घे. छायाचित्र मे महिन्यातलं होतं. कुंडलिका नदीच्या काठचा तो सगळा पट्टा त्यात तपकिरी दिसत होता. ना झाड, ना छप्पर, नुसते मातीचे चौकोन. मी त्याला पांढरा रंग दिला आणि बाजूला लिहिलं, "रिकामी जागा". दहा मिनिटांचं काम होतं.

मी जालन्यात जन्मलो, वाढलो. मे महिन्यात इथल्या विहिरी तळ गाठतात हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? उन्हाळ्यात आमच्या घरी टँकरच यायचा. पण स्क्रीनसमोर बसलं की माणूस आपलं गाव विसरतो हे खरं. भाजीचे मळे सात-आठ महिने हिरवे असतात आणि पाणी आटलं की उन्हाळ्याचे दोन महिने उघडे पडतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्या पांढऱ्या पट्ट्यावर ट्रक थांबवायचा तळ आणि व्यापारी संकुल बसलेलं होतं. चाळीसेक मळे त्याखाली गेले होते. मला अजून पत्ताच नव्हता.

पत्ता लागला तो ट्रकवाल्यांच्या संपात. संपाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी ताईंचा फोन आला. "ऊठ. बाजार बघायचाय तुला."

बाजारात गेलो तर अर्धे ओटे मोकळे. टोमॅटो नाही, कोबी नाही, बटाटा नाही, बाहेरून येणारं काहीच नाही. ज्या गावच्या कंपन्यांचं बियाणं गावोगाव पेरलं जातं, त्या गावात सकाळी सात वाजता फ्लॉवरचा एक गड्डा मिळेना. आणि एका कडेला मात्र माणसांची ही गर्दी. पालक, मेथी, शेपू, चुका, कोथिंबीर. सगळ्या जुड्या ओल्या, मुळांना काळी माती. विकायला बसलेल्या सगळ्या बाया नदीकाठच्या. आमच्या आईची रुख्माबाई मधोमध बसली होती आणि गिऱ्हाइकांना दरडावत होती, "एका घराला दोनच जुड्या! मागच्यालाबी पोट हाय."

ताई म्हणाल्या, "बघ. आज अर्धं जालना ह्या बायांच्या हातचं खाऊन राह्यलं."

अर्धं जालना ही अतिशयोक्ती होती. मोजमाप सोडलं तर बाकी सगळ्या गोष्टी ताई फुगवूनच सांगत. पण ती गर्दी खरी होती. मी विचारलं, "हे मळे नेमके कुठं आहेत, ताई?"

"चल दाखवते."

पुलावरून खाली उतरलो. पायवाट संपली आणि समोर हिरवागार पट्टा. वाफ्यांतून पाणी सोडलेलं, बगळे फिरत होते, एक म्हातारा मुळे उपटून धुवत बसला होता. मी डावीकडचा पूल पाहिला, उजवीकडचं वळण पाहिलं, आणि माझ्या नकाशातला तो पांढरा तुकडा मला ओळखू आला. न सांगता निभावलं असतं, पण ताईंसमोर खोटं बोलायची माझी छाती नव्हती. मी सांगून टाकलं.

त्या ओरडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बूट काढा, अनिकेतराव." एरवी मी नुसता अनिकेत, रागावल्या की मला राव लागायचं.

मी बूट काढले.

"मोजेबी काढा. आन् उतरा खाली."

वाफ्याच्या कडेच्या पाटात मी उतरलो. घोट्यापर्यंत गार चिखल. आजूबाजूच्या बाया कामं थांबवून बघत होत्या.

"रिकामं वाटून राह्यलं का?"

"नाही."

"काय हाय मंग?"

"पालक आहे, ताई."

"जोरात सांगा. रुख्माबाईच्या सुनेला ऐकू न्हाई आलं."

"पालक आहे!" मी ओरडलो. बाया खदाखदा हसल्या. लाजेनं माझे कान तापले, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. शिक्षा तेवढ्यावर भागली असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी आमच्याच कंपनीच्या नकाशावर हरकत दाखल केली. नियमानं कोणत्याही नागरिकाला तसं करता येतं. पण ज्यांचं कंत्राट घेतलं त्यांच्याच कामावर हरकत घेणारा नागरिक साहेबांनी आजवर पाहिला नव्हता. पुण्याहून साहेबांचा फोन आला. ताईंना ऐकायला कमी येत असल्यानं त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवत, म्हणून सगळ्या ऑफिसनं तो ऐकला.

"मॅडम, ही तुमचीच कंपनी आहे. आपण आत बसून दुरुस्त करू शकलो असतो."

"मंग करा."

"आता प्रसिद्ध झालाय. आता कसं करणार?"

"म्हनून तर हरकत घेतली."

"तुम्हाला एक निवड करावी लागेल. एकतर हरकत मागे घ्या, नाहीतर..."

"साहेब, मी लई बांधांवर उभी राह्यली. तिथं बी मला एक निवड करा म्हन्त होते. त्यांच्या हातात कुऱ्हाड व्हती. तुमच्या हातात काय हाय?"

ताईंनी फोन बंद केला, डबा पिशवीत टाकला, छत्री घेतली आणि निघाल्या. दारात थांबून मला म्हणाल्या, "तू राह्य इथंच. तुला लई कामं हायेत." मला त्यांच्याबरोबर उठून जावंसं वाटलं होतं. मी गेलो नाही. ह्या गोष्टीचा मला आजही राग येतो, स्वतःचाच.

सुनावणीच्या दिवशी त्या धुवट पांढरी साडी नेसून आल्या होत्या आणि मळेवाल्या पंधरावीस बाया मागं उभ्या होत्या. हरकती ऐकणाऱ्या समितीतले एक गृहस्थ सज्जन होते, शिकलेले होते, आणि त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. ते म्हणाले, "बाई, शहर वाढतंय. शेती शहराच्या बाहेर असते. आत शेती ठेवून कसं चालेल?"

"शहर वाढून राह्यलं म्हंजे काय वाढून राह्यलं साहेब? तोंडंच ना?"

"म्हणजे?"

"घरं वाढली म्हंजे तोंडं वाढली. रस्ता ठेवला तुमी, शाळा ठेवली, दवाखाना ठेवला. बराबर हाय, पाह्यजेच. त्या तोंडांनी खायाचं काय, ते कुठल्या रंगात ठेवलं? मला दाखवा. मी सगळा नकाशा पाह्यला, बिलकुल सापडलं न्हाई."

"भाजी काय, बाहेरून येते."

"संपात आली व्हती का?"

दालनात हसू पसरलं. गृहस्थही हसले, पण मग त्यांनी कागद पुढं ओढला. "नकाशात तर ही जागा रिकामी दिसते. नकाशा खोटा आहे असं तुम्ही म्हणता. पुरावा?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी कंपनीच्या बाजूच्या खुर्चीत बसलो होतो. त्यांनी एकदा जरी मान वळवली असती तरी मी नजर चुकवली असती, मला माझा स्वभाव माहीत आहे. त्या समोर भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. माझं मलाच ठरवायचं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हा भाग मी रंगवलाय. जागेवर न जाता. छायाचित्र मे महिन्याचं होतं. चूक माझी आहे."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांच्या चष्म्याची काडी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मला काढलं मात्र नाही. समितीनं पट्ट्याची ड्रोननं फेरपाहणी करायला सांगितली, ती कंपनीनंच करायची, आणि निस्तरायला कोणीतरी हवं होतं.

पण ड्रोनवाला मोकळा होता तो मे महिन्यात. आम्ही समितीकडे तारीख बदलून मागितली. उत्तर आलं की पुढं पावसाळा, आता लांबवता येणार नाही. पट्टा पुन्हा तपकिरीच दिसणार होता, आणि ह्या वेळी तो सरकारी शिक्क्यानिशी रिकामा ठरणार होता. मी ताईंच्या घरी गेलो तेव्हा माझा चेहरा पडलेला होता.

त्यांनी ऐकून घेतलं. चहा केला. मग म्हणाल्या, "होऊ दे मे मधीच."

"अहो ताई, पाणी नसतं तिथं."

"मे महिन्यात हिरवं दिसलं तरच मळा, असा कायदा त्यांनी केला ना? मंग मे महिन्यात हिरवं दाखवू. रडायचं कामून?"

मळेवाल्यांना हे पटवणं सोपं नव्हतं. विहिरीच्या काठावर बैठक झाली. रुख्माबाई फणकारली, "ताई, इहिरीला पानी कुठंय? पेरलं तर जळून जाईल. उगं बी वाया." तिचं चुकत नव्हतं. पट्ट्यात विहिरी सात, त्यातली एकच मे पर्यंत टिकणारी, आणि ती विहीर रुख्माबाईचीच. मे मधलं त्या विहिरीचं पाणी म्हणजे तिच्या घरचं पिण्याचं, गुरांचं, सगळं. ते दुसऱ्याच्या वाफ्याला द्यायचं ही गोष्ट मागणंसुद्धा पाप होतं, आणि ताई तेच मागत होत्या.

"तुझी इहीर हाय, तुझा हक्क हाय," ताई म्हणाल्या. "तू न्हाई म्हनली तर मी उठून जाईन. पन एक सांगते. ट्रक उभे राह्यले की तुझ्या इहिरीवर पह्यले सिमेंट पडंल. मंग ते पानी तुझंबी न्हाई आन् कोनाचंच न्हाई."

रुख्माबाई बराच वेळ विहिरीत डोकावत बसली. मग म्हणाली, "दर घराला दोन वाफे. तिसरा मागितला तर मी इळा काढीन."

तसं ठरलं. प्रत्येक मळ्यात दोन वाफे, पण असे आखलेले की एकाला एक लागून सलग पट्टा दिसावा. आखणी ताईंनी चालून केली, भर एप्रिलच्या उन्हात, ओठ हलवत. राजगिरा पेरला, तांदुळजा पेरला, जे उन्हाला दाद देत नाही असं. सकाळ-संध्याकाळ बाया रांगेनं घागरी घेऊन उभ्या राहायच्या. मोटार लावायची नाही असा रुख्माबाईचा हुकूम होता, पाणी वाया जातं म्हणून. आईनं घरातलं भांडी धुतलेलं पाणी बादलीत साठवायला सुरुवात केली आणि मला स्कूटरवरून ते तिकडे नेऊन ओतायला लावलं. एका बादलीनं काय होतं, पण न्यावंसं वाटायचं.

ड्रोनच्या दिवशी आम्ही पुलावर उभे होतो. साडेअकरा वाजलेले, ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. यंत्र वर गेलं आणि चालकाच्या हातातल्या पडद्यावर पट्टा उमटला. नदीचं कोरडं पात्र पांढरंफटक, पलीकडचा तीर भाजलेला, आणि अलीकडच्या काठाला, वितळलेल्या दुपारीसुद्धा, हिरवी रेघ. तुटक तुटक, कुठं कुठं पिवळी पडलेली, पण हिरवी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चालक म्हणाला, "सर, एक बाई आहेत मधे. हटवता का? चित्र स्वच्छ हवं."

वाफ्याच्या कोपऱ्यावर ताई उभ्या होत्या. मी फोन लावला. "ताई, जरा झाडाखाली होता का? फोटोत येताय."

"त्याच्यासाठीच उभी हाय."

"ऊन फार आहे, ताई."

"असू दे. रिकामी जागा म्हनला व्हतास ना तू? मानूस उभं असल्यावर कोन म्हनतं रिकामी, बघतेच. हटत नसते मी. उडव तुझं."

चालक म्हणाला, जाऊ द्या सर, शेकडो फोटो जोडून एक चित्र होतं, त्यात हलणारं सगळं आपोआप पुसलं जातं. माणसं, गाई, स्कूटर. अगदी एका जागी राहिलेलं तेवढं उरतं. मी हे ताईंना सांगितलं नाही, फोन केव्हाच बंद झाला होता. ड्रोन पट्ट्यावरून एकदा गेलं, वळलं, पुन्हा आलं, पुन्हा वळलं. त्या सगळ्या वेळात ताई हलल्या नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. लगेच मी चित्रं घेऊन पुण्याला गेलो, नकाशाच्या कामात तिथंच अडकलो, आणि पावसाळा संपताना आईनं फोनवर त्या गेल्याचं सांगितलं.

समितीनं ट्रकतळ बाहेरच्या खडकाळ माळावर हलवायची शिफारस केली आहे. फाइल मंजुरीसाठी मुंबईला आहे, शिक्का अजून पडायचा आहे. फाइलसोबत गेलेला नकाशा मीच तयार केला. हिरव्या पट्ट्याच्या कोपऱ्यात, मोठं करून पाहिलं तर, एक बारीक ठिपका दिसतो आणि त्याला दुपारची इवलीशी सावली आहे.

पाठवण्याआधी साहेबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "हा डाग काढून टाक."

मी काढला नाही.